तुझा आयपी सापडलाय!

रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या खोलीचं दार वाजलं की मनात दोनच शक्यता येतात. एक, कुणाला तरी मॅगीसाठी भांडं हवंय. दोन, सबमिशन उद्याच आहे हे कुणाला तरी आत्ता कळलंय. गेल्या वर्षी, म्हणजे मी सेकंड इयरला असताना, दार वाजलं तेव्हा बाहेर गेटवरचे मामा उभे होते. "रेक्टर सरांनी बोलावलंय. आत्ताच. आणि फोन घेऊन ये म्हणालेत."

ऑफिसात रेक्टर सर, सर्व्हर रूमचे सर आणि मेस कमिटीचा सेक्रेटरी असे तिघे बसले होते. टेबलावर एक कागद. मेसबद्दलच्या सूचना पाठवायला कॉलेजच्या सर्व्हरवर एक फॉर्म आहे, नाव न लिहिता भरायचा. त्या फॉर्ममधून कुणीतरी मेसच्या काकूंबद्दल चार ओळी पाठवल्या होत्या. त्या ओळी इथे छापण्यासारख्या नाहीत. आपल्या आईबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं, तेही छापण्यासारखं नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये सूचना एकेक करून मोठ्याने वाचल्या जात होत्या. वाचणारा पहिल्या ओळीनंतर थांबला, पण तोवर उशीर झाला होता. काकू तिथेच दाराशी उभ्या होत्या.

"तुझा आयपी सापडलाय," रेक्टर सर म्हणाले. "आता काय ते सांगून टाक."

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. आयपी म्हटलं की मला त्या वेळी फक्त एवढंच ठाऊक होतं की तो 'ट्रेस' होतो, आणि सिनेमात तो ट्रेस झाला की पुढच्या मिनिटाला पोलीस दारात असतात. इथे तर दारात मामाच आले होते. पोटात गोळा आला. मी काही केलं नव्हतं, पण केलं नाही हे सिद्ध कसं करायचं, हे मला अजिबात कळत नव्हतं.

ही गोष्ट पुढे कशी वळली ते शेवटी सांगतो. त्याआधी, त्या रात्रीनंतर सर्व्हर रूमच्या सरांचं डोकं खाऊन, कॉम्प्युटरच्या मित्रांकडून टॅनेनबॉमचं जाडजूड पुस्तक आणून मला जे कळलं, ते तुम्हाला सांगायचंय. कारण आज हॉस्टेलमधल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, प्रत्येक फोनला आयपी पत्ता आहे, आणि बहुतेकांना त्याची एकतर उगाचच भीती वाटते, नाहीतर त्याची काहीच फिकीर नसते. दोन्ही चुकीचं आहे.

पत्ता हॉस्टेलचा, खोली कुणाची?

सरांनी मला जे उदाहरण दिलं तेच देतो. समजा, घरून तुमच्या नावाने पार्सल आलं. पार्सलवर पत्ता कुणाचा? हॉस्टेलचा. कुरिअरवाला गेटपर्यंत येतो, मामांच्या ताब्यात पार्सल देतो आणि जातो. ते कुठल्या खोलीत गेलं हे त्याला माहीत नसतं. ते फक्त मामांच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं.

इंटरनेटवर अगदी हेच चालतं. माहितीचं प्रत्येक पाकीट निघताना त्यावर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसेल तर उत्तर यायचं कुठे? म्हणून आयपी पत्ता हे काही गुपित नाही. तुम्ही एखादी वेबसाइट उघडली की तुमचा बाहेरचा पत्ता तिला कळतोच. तो कळल्याशिवाय पान तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही.

आता फोनमधल्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचा पत्ता बघा. टिंबांनी तोडलेले चार आकडे दिसतील, प्रत्येक शून्य ते २५५ यांच्यामधला. बहुधा सुरुवात १९२.१६८ किंवा १० अशी असेल. हा तुमचा आतला पत्ता, म्हणजे खोली नंबर. खोली नंबर १२ प्रत्येक हॉस्टेलमध्ये असते, तसाच १९२.१६८.१.५ हा पत्ता या क्षणी जगातल्या असंख्य घरांत वापरात आहे. हे आकडे खासगी वापरासाठी १९९६ सालीच राखून ठेवलेत. त्यांना बाहेरच्या जगात किंमत नाही.

बाहेरचा पत्ता वेगळा. 'माझा आयपी काय' असं सर्च केलं की जो दिसतो तो सगळ्या कॅम्पसचा मिळून एक, किंवा फार तर थोडेसे. आत आणि बाहेर यांची सांगड घालण्याचं मामांचं काम जी यंत्रणा करते तिला नॅट म्हणतात. आतल्या कुठल्या फोनने बाहेर काय मागवलं याचं रजिस्टर ती ठेवते आणि उत्तर आलं की त्या त्या फोनकडे पोचवते. रजिस्टरमध्ये गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक मागणीला एक पोर्ट नंबर मिळतो. पोर्ट नंबर १६ बिटांचा असतो, म्हणजे एका पत्त्यामागे ६५,५३६ नंबर.

एवढा खटाटोप कशासाठी? तर पत्ते पुरत नाहीत म्हणून. आपण अजूनही वापरतो ती आयपीची चौथी आवृत्ती १९८१ साली ठरली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्या काळी ४२९ कोटी म्हणजे अबब वाटले असतील. प्रत्येकाच्या खिशात एक संगणक असेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठेसुद्धा वाटून संपले.

मग मोबाइल कंपन्यांनी काय केलं? जे हॉस्टेलमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर. तुम्ही मोबाइल डेटा वापरता तेव्हा एकाच बाहेरच्या पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असू शकतात. जणू अख्ख्या तालुक्याचं एकच हॉस्टेल! यावरचा खरा उपाय म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्त्यांची संख्या साधारण ३४ वर ३७ शून्यं. भारत यात चक्क पुढच्या रांगेत आहे. २०१६ नंतर स्वस्त फोर-जी आलं तेव्हापासून आपल्याकडच्या मोबाइलवर सहावी आवृत्ती झपाट्याने पसरली. तुमच्या फोनला या क्षणी दोन्ही तऱ्हेचे पत्ते असण्याची शक्यता बरीच आहे.

'तुझा आयपी माझ्याकडे आहे'

ऑनलाइन गेम खेळताना भांडण झालं की समोरचा हमखास ही धमकी देतो. आमच्या विंगमधल्या एका मित्राने ती वाचून घाबरून फोन बंद केला आणि सिम काढून ठेवलं. बिचारा रात्रभर झोपला नाही.

त्याला धमकी देणाऱ्याला खरंच काय कळलं असतं? कंपनी कुठली, आणि साधारण शहर कुठलं. तेही बरोबर असेलच असं नाही. सुट्टीत माझ्या गावाहून मोबाइल डेटावर मी हे करून पाहिलं, तर माझा पत्ता मुंबईचा दाखवला. कारण उघड आहे. माझ्या फोनची गाडी आधी कंपनीच्या मुंबईतल्या केंद्रात जाते आणि तिथून बाहेरच्या जगात पडते. गावाचं नाव, घर नंबर, फोन नंबर, बँकेचं खातं यातलं काहीही आयपी पत्त्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय मोबाइल कंपनीच्या नॅटमागे असलेल्या फोनशी बाहेरून कुणी आपणहून संपर्क करू पाहील, तर त्याला आत पोचायला वाटच मिळत नाही. रजिस्टरमध्ये नोंद नसलेलं पार्सल मामा गेटवरूनच परत पाठवतात, तसं.

तरी एक गोष्ट करून ठेवा. व्हॉट्सॲपवरचे कॉल बऱ्याचदा दोन फोनमध्ये थेट जोडले जातात, त्यामुळे समोरच्याला तुमचा बाहेरचा पत्ता कळू शकतो. २०२३ साली तिथे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्ड या भागात, कॉलच्या वेळी आयपी पत्ता झाकण्याची सोय आली. अनोळखी लोकांशी बोलणं होत असेल तर ती चालू करा. आवाजाचा दर्जा किंचित उतरेल, बाकी बिघडत काही नाही.

मग पोलीस माणूस शोधतात ते कसं? ते कंपनीकडे जातात आणि विचारतात, अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक पोर्टवर हा पत्ता कुणाकडे होता? म्हणजे नुसता पत्ता उपयोगाचा नाही, बरोबर अचूक वेळ हवी. कारण पत्ते फिरत असतात. आज तुमच्याकडे असलेला पत्ता उद्या सोलापुरातल्या एखाद्या आजोबांच्या फोनला मिळेल. आणि वेळ चुकली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडून गेलंय.

पन्नास दिवस

२००७ सालची गोष्ट. ऑर्कुट हे तेव्हाचं फेसबुक म्हणा. तिथे शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला होता. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला, आयपी पत्ता मिळवला, इंटरनेट कंपनीकडून त्या पत्त्याच्या ग्राहकाचं नाव मागवलं. नाव आलं बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरचं. ऑगस्ट २००७ मध्ये पोलीस त्याच्या घरी पोचले आणि त्याला पुण्याला घेऊन आले.

तो सांगत राहिला की हे मी केलेलं नाही. पण कागदावर आयपी पत्ता होता ना! पुढे निष्पन्न झालं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. मजकूर टाकला गेला तेव्हा तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच. हे सगळं उघड होऊन तो सुटेपर्यंत त्याने ५० दिवस तुरुंगात काढले होते.

मित्रांनो, हा इंजिनिअर आपल्यापैकीच कुणीतरी पाच वर्षांनंतरचा. नोकरी, घर, सगळं व्यवस्थित. आणि एका ओळीतल्या आकड्यामुळे ५० दिवस. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, कारण रेक्टर ऑफिसातल्या त्या खुर्चीवर मी जेमतेम ५० मिनिटं बसलो होतो आणि तेवढ्यात माझे पाय लटपटायला लागले होते.

आता नियम जरा कडक झालेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्यांना आणि संस्थांना दोन गोष्टी बजावल्या आहेत. यंत्रांमधल्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी प्रमाणवेळेशी जुळवून ठेवा. घड्याळाचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटतो. माझ्या बाबतीत सगळं त्यावरच अडलं होतं.

धोका बाहेर कमी, आत जास्त

बाहेरच्या पत्त्याने फारसं बिघडत नाही म्हटलं. पण आतला पत्ता, तो खोली नंबर, त्याचं तसं नाही. एकाच वाय-फायवर असलेली माणसं एकाच कॉरिडॉरमध्ये राहतात. गेटवरचे मामा त्यांना अडवत नाहीत. तुमच्या खोलीला कडी आहे की नाही, हाच काय तो प्रश्न.

आपण हॉस्टेलवाले कडी काढून झोपण्यात पटाईत. पहिलं उदाहरण, फाइल शेअरिंग. पिक्चर किंवा नोट्स एकमेकांना द्यायला फोनवर एफटीपी सर्व्हर चालू करतो. पासवर्ड? कशाला, आपलीच तर पोरं आहेत! काम झाल्यावर बंद करायला विसरतो. मग त्या वाय-फायवरचा कुणीही आपल्या फोनचा पत्ता आणि पोर्ट टाकून सगळे फोटो, सगळी कागदपत्रं आरामात बघू शकतो. आधार कार्डाचा फोटो, मार्कशीट, घरच्यांचे फोटो, सगळं.

कधीकधी तर आपण न सांगताही दार उघडं राहतं. ईएस फाइल एक्स्प्लोरर नावाचं ॲप एके काळी कोट्यवधी फोनांवर होतं. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं की ते एकदा चालू केलं की मागच्या मागे पोर्ट नंबर ५९७७७ उघडून ठेवतं आणि त्याच वाय-फायवरच्या कुणालाही फोनमधल्या फायली घेता येतात. ॲप वापरणाऱ्याला याचा पत्ताच नव्हता!

दुसरं, डेव्हलपर ऑप्शन्स. प्रोजेक्टसाठी किंवा नुसत्या हौसेने आपण वायरलेस डीबगिंग चालू करतो. ते फक्त कामापुरतं चालू करा आणि काम झालं की लगेच बंद. खोलीची किल्ली कॉरिडॉरमधल्या खिळ्याला टांगून सुट्टीला जाण्यासारखं आहे ते.

तिसरं, नावाला फसणं. फोन ओळखीच्या वाय-फायला आपोआप जोडला जातो. पण तो ओळखतो कशावरून? मुख्यतः नावावरून. कॅन्टीनच्या, स्टेशनच्या, लॉजच्या बिनपासवर्डच्या वाय-फायचं नाव घेऊन कुणीही आपल्या लॅपटॉपवरून तसंच वाय-फाय चालू करू शकतो. तुमचा फोन बिनदिक्कत तिथे जाऊन बसेल. मग लॉगिनचं हुबेहूब पान समोर येतं आणि आपण पासवर्ड टाकून मोकळे. म्हणून जिथे पुन्हा जायचं नाही ती उघडी वाय-फाय यादीतून काढून टाका, आणि आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवा.

इथे एक दिलासा आहे. हल्ली बहुतेक वेबसाइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो. म्हणजे मधल्या माणसाला फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे कळेल, तिथे काय लिहिलंत ते नाही. पण ब्राउझरने 'ही जोडणी सुरक्षित नाही, सर्टिफिकेट जुळत नाही' असा इशारा दिला आणि तुम्ही घाईत 'पुढे जा' दाबलंत, तर मग देवही वाचवू शकत नाही. सार्वजनिक वाय-फायवर असा इशारा आला तर तिथेच थांबा आणि मोबाइल डेटावर या. बँकेचं काम तर मोबाइल डेटावरच करा.

चौथं, फुकटचं व्हीपीएन. कॉलेजमध्ये बंद असलेल्या साइट उघडायला आपल्याकडे अर्ध्या विंगच्या फोनवर असेल. व्हीपीएनने आयपी पत्ता बदलतो हे खरं. पण तुमची सगळी पाकिटं आता त्या व्हीपीएनवाल्याच्या हातून जातात. मामांवर विश्वास नाही म्हणून अनोळखी माणसाच्या हाती सगळी टपाल दिली, असा हा प्रकार. त्याचा धंदा कशावर चालतो याचा विचार करा. मालाचे पैसे आपण देत नसू, तर बऱ्याचदा माल आपणच असतो.

आणि सगळ्यात मोठा चोर तर पत्ता विचारतच नाही, त्याला आपण स्वतः आत बोलावतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून फाइल येते, शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. ते ॲप असतं. उघडलं, ते मागेल त्या परवानग्या दिल्या, की ते मेसेज वाचायला लागतं, ओटीपीसकट. लग्नपत्रिकेला मेसेज वाचायची परवानगी कशाला हवी, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पैसे वाचतात. तरीही कुणी फसलंच तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुन्हा रेक्टर ऑफिसात

तर आता त्या रात्रीकडे वळतो. सर्व्हरच्या नोंदीत फॉर्म भरल्याची वेळ होती १६ वाजून १२ मिनिटं, आणि पत्ता माझ्या फोनचा. मी वेळ वाचली आणि जवळजवळ ओरडलोच, "सर, त्या वेळी मी वर्कशॉपमध्ये होतो! प्रॅक्टिकल चालू होतं, फोन बाहेर बॅगेत होता!" हजेरीपट मागवता आला असता, सोबत वीस जण साक्षीला होते. रेक्टर सरांचा चेहरा जरा सैलावला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात सर्व्हर रूमचे सर म्हणाले, "थांबा. या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे." म्हणजे ग्रीनिचची वेळ. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. १६ वाजून १२ मिनिटं म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९ वाजून ४२ मिनिटं. सरांनी त्या वेळची नोंद काढली. पत्ता तेव्हाही माझ्याच फोनकडे होता. सुटलो म्हणता म्हणता पुन्हा अडकलो.

पावणेदहाला मी कॉमन रूममध्ये कॅरम खेळत होतो. फोन खोलीत चार्जिंगला होता. आणि, इथे खरी गोम आहे, फोनचा हॉटस्पॉट चालू होता. कॉलेजच्या वाय-फायला एका लॉगिनवर एकच फोन चालतो, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या फोनमध्ये वाय-फाय घेऊन तेच पुढे हॉटस्पॉटने वाटायची सोय आहे. विंगमधले चार-पाच जण, त्यांचे लॅपटॉप, कधी आलेगेलेले पाहुणे, सगळे माझ्या हॉटस्पॉटवर. पासवर्ड एक ते आठ आकडे ओळीने. अख्ख्या मजल्याला पाठ.

म्हणजे माझा फोनच एक छोटं हॉस्टेल झाला होता. आत पाच खोल्या, बाहेरून पत्ता एकच, माझा. आणि या हॉस्टेलच्या गेटवर मामा होते, पण मागचं रजिस्टर ते जपून ठेवत नव्हते. आत्ता या क्षणी कोण जोडलंय हे माझा फोन दाखवत होता, पण दोन दिवसांपूर्वी पावणेदहाला कोण होतं, याची नोंद त्यात कुठेच नव्हती.

सरांनी कॅरम खेळणाऱ्या तिघांना उठवून आणलं, त्यांनी मी तिथे होतो असं सांगितलं. रेक्टर सरांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू लिहिलं नाहीस, हे मी मानतो. पण दार तुझं होतं." त्यांचं बरोबर होतं. लॉगिन वाटल्याबद्दल माझ्याकडून लेखी हमी घेतली, महिनाभर वाय-फाय बंद, आणि बाबांना फोन. त्यातलं बाबांना फोन हे सगळ्यात जड गेलं. बाबांना मी हॉटस्पॉट म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपली सही केलेला कोरा कागद तू वाटत होतास." मेकॅनिकलच्या दोन वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं!

त्या ओळी कुणी लिहिल्या ते आजवर सापडलं नाही. माझ्या हॉटस्पॉटवरच्या पाच जणांपैकी कुणीतरी, किंवा पासवर्ड पाठ असलेला सहावा. ज्याने लिहिलं तो हा अंक वाचत असेल तर त्याला एकच सांगायचंय. 'नाव न लिहिता' याचा अर्थ 'नोंद न होता' असा नसतो. त्या दिवशी नोंद झालीच, फक्त ती माझ्या नावावर झाली. पुढच्या वेळी ती तुझ्या नावावर होईल.

आता मी काय काय करतो ते सांगतो, जमलं तर तुम्हीही करा. हॉटस्पॉट गरजेपुरताच चालू, पासवर्ड लांब आणि दर महिन्याला वेगळा. कॉलेजचं लॉगिन कुणालाही नाही, अगदी रूममेटलाही नाही. नेट हवं असेल तर त्याच्यासमोर बसून त्याचं काम करून देतो. फोन खोलीत ठेवून बाहेर जाताना हॉटस्पॉट बंद. फाइल शेअरिंग संपलं की सर्व्हर बंद. फोनचे अपडेट आले की आळस न करता टाकतो. आणि कुणी म्हणालं की तुझा आयपी सापडलाय, तर मी आधी विचारतो, कुठला, आतला की बाहेरचा? किती वाजताचा? आणि ते घड्याळ कुठल्या वेळेचं?

स्टाफमधले जे कुणी वाचत असतील त्यांनाही एक विनंती. नोंद हा तपासाचा पहिला धागा आहे, शेवटचा निकाल नव्हे. सर्व्हर रूमच्या सरांना त्या रात्री घड्याळ आठवलं. नसतं आठवलं तर मी चुकीच्या कारणाने सुटलो असतो, आणि दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो चुकीच्या कारणाने अडकलाही असता. आता त्या सर्व्हरवर आपली वेळ लावली आहे, हे मी परवाच जाऊन पाहून आलो.

दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये काकूंकडे गेलो. एरवी माझ्या ताटात न मागता एक पोळी जास्त वाढणाऱ्या काकू खाली बघून वाढत होत्या. मी म्हटलं, "काकू, ते मी लिहिलं नाही हो. शपथ."

"ठाऊक आहे मला बाळा," त्या म्हणाल्या. "तू तसला नाहीस. पण आलं तुझ्याच फोनातनं ना?"

मी काही बोललो नाही. त्यांनी भाजी वाढली. जास्तीची पोळी मिळायला मात्र पुढे दीड महिना लागला.